प्रवाळं नेमकी कोणत्या रात्री अंडी सोडतात? लक्षद्वीपला निघालेल्या नाशिककरासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नाशिकला राहता, अंबडच्या कारखान्यात नोकरी करता आणि स्कूबाचा पहिला कोर्स नुकताच पूर्ण केला आहे. समुद्रातली सगळी प्रवाळं एकाच रात्री गुलाबी अंडी सोडतात, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिडिओंमध्ये पाहिलंत. 'नोव्हेंबरच्या पौर्णिमेनंतर चौथी ते सहावी रात्र' असं त्यात सांगितलं होतं. त्यावरून यंदाच्या त्रिपुरी पौर्णिमेनंतर, म्हणजे २४ नोव्हेंबर २०२६ नंतरच्या आठवड्यात, लक्षद्वीपला जायचं ठरवताय. रजेचा अर्ज फार आधी द्यावा लागतो, म्हणून नेमकी तारीख हवी आहे.

तिकिटं काढली नसतील तर थांबा. पौर्णिमेनंतरच्या रात्री तुम्ही बरोबर पकडल्या आहेत, पण महिना दक्षिण गोलार्धातला आहे.

मी मूळची नाशिकची. कामाची बहुतेक वर्षं मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान इथल्या प्रवाळांच्या पाहणीत गेली. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो आणि विचारणाऱ्याला नेहमी एक तारीख हवी असते. प्रवाळं तारीख पाळत नाहीत. ती आधी महिना ठरवतात, मग रात्र आणि मग तास. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खुणांवरून ठरतात आणि तिन्हींतली खात्रीही सारखी नसते. तास जवळजवळ पक्का सांगता येतो. रात्र दोन-तीन दिवसांच्या फरकाने सांगता येते. महिना मात्र जागेवर, जातीवर आणि त्या वर्षीच्या समुद्रावर अवलंबून असतो. लोक रात्र शोधण्यात सगळी मेहनत घालतात आणि महिना गृहीत धरतात. तुमचंही तेच झालं आहे, म्हणून मी महिन्यावर जास्त लिहिणार आहे.

ऑस्ट्रेलियाचा नोव्हेंबर आला कुठून, ते आधी पाहू. ग्रेट बॅरियर रीफवरची ही घटना शास्त्रज्ञांच्या नजरेस आली ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या तरुण संशोधकांमुळे. १९८४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर असा समज होता की बहुतेक प्रवाळं पिल्लं पोटात वाढवून थोडी थोडी बाहेर सोडतात. त्यांनी दाखवून दिलं की कितीतरी जाती अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात, तेही मोजक्या रात्रींत, सगळ्या मिळून. पुढे तिथे अशा शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. किनाऱ्याजवळच्या उथळ प्रवाळभिंती साधारण ऑक्टोबरच्या पौर्णिमेनंतर अंडी सोडतात, बाहेरच्या भिंती नोव्हेंबरच्या. एकाच समुद्रात एका महिन्याचा फरक पडतो, कारण किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आधी तापतं.

हाच पहिला धागा आहे. दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे वसंत. हिवाळा संपून पाणी झपाट्याने तापत असतं. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या अनेक ठिकाणच्या फांदीदार अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अंडी सोडण्याचा महिना आणि पाणी सर्वांत वेगाने तापण्याचा महिना यांचा मेळ बसला. पाणी किती अंशांवर पोचलं यापेक्षा ते किती वेगाने चढतंय, याला महत्त्व दिसतं. काही संशोधक तापमानाऐवजी उन्हाला मान देतात, कारण अंडी पिकायला लागणारी ताकद प्रवाळाला त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांकडून मिळते आणि त्या शैवालांना ऊन हवं असतं. माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढणं कठीण आहे. ऊन वाढतं म्हणून पाणी तापतं, आणि दोन्ही एकाच महिन्यात येतात.

आता हा नियम आपल्या समुद्राला लावा. लक्षद्वीप साधारण ८ ते १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १० अंशांवर सूर्य एप्रिलच्या मध्याला बरोबर डोक्यावर येतो. नाशिकला तो दिवस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात असतो. लक्षद्वीपचं पाणी जानेवारीत त्यातल्या त्यात गार असतं, फेब्रुवारीपासून तापू लागतं आणि एप्रिल-मेमध्ये सर्वांत गरम होतं. मग पावसाळा येतो, ढग येतात, समुद्र खवळतो आणि पाणी पुन्हा उतरतं. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नोव्हेंबरची जागा आपल्याकडे मार्च-एप्रिल घेतात. मन्नारच्या आखातात अ‍ॅक्रोपोराची पिकलेली अंडी मार्चच्या सुमारास दिसतात. विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेल्या सिंगापूरला मुख्य हंगाम एप्रिलच्या पौर्णिमेनंतर तिसऱ्या ते पाचव्या रात्रीच्या आसपास येतो. तेव्हा लक्षद्वीपसाठी माझं पहिलं मत फाल्गुन आणि चैत्राच्या पौर्णिमांना. होळी आणि हनुमान जयंती, असं लक्षात ठेवा.

मग नोव्हेंबरला काहीच दिसणार नाही का? तसंही म्हणता येत नाही. विषुववृत्ताच्या जवळ ऋतूंमधला फरक पुसट होतो आणि प्रवाळांचा एकोपा सैल पडतो. केनियाच्या किनाऱ्यावर वेगवेगळ्या जाती बरेच महिने पसरून अंडी सोडतात. पश्चिम प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर वर्षातून दोन हंगाम असतात. लक्षद्वीपच्या बाजूलाही पावसाळ्यात गार झालेलं पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा थोडं तापतं, त्यामुळे एखाद-दुसरी जात तेव्हा अंडी सोडू शकते. पण तुम्हाला सगळा खडक एकदम उजळलेला पाहायचा आहे, आणि त्यासाठी मी नोव्हेंबरवर रजा खर्च करणार नाही.

तापमानाचा हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर निंगालू नावाची मोठी प्रवाळभिंत आहे. तिथली बहुतेक प्रवाळं मार्च-एप्रिलमध्ये अंडी सोडतात. तेव्हा तिथे शरद ऋतू असतो आणि पाणी उतरणीला लागलेलं असतं. एकाच देशाचे दोन किनारे, जातीही बऱ्याचशा त्याच, आणि हंगाम वर्षाच्या विरुद्ध टोकांना. म्हणून एका ठिकाणचा महिना उचलून दुसरीकडे लावू नका, मग ते ठिकाण कितीही प्रसिद्ध असो. त्या जागेवर आधी कोणी काय पाहिलं आहे ते विचारा आणि सर्वांत जास्त भार त्यावरच टाका.

महिन्याच्या हिशेबात अजून एक अडचण आहे. आपल्या पंचांगाची सवय असलेल्या माणसाला ती लगेच कळेल. पाणी सूर्याच्या वर्षाप्रमाणे तापतं, रात्र चंद्राप्रमाणे ठरते आणि या दोघांचं गणित जुळत नाही. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, सौर वर्ष त्याहून सुमारे ११ दिवसांनी मोठं असतं. पंचांग हा फरक अधिक महिना घालून भरून काढतं, आणि प्रवाळांनाही तो कुठेतरी भरून काढावा लागतो. उदाहरण बघा: फाल्गुन पौर्णिमा २०२४ मध्ये २५ मार्चला होती, २०२५ मध्ये १४ मार्चला आणि २०२६ मध्ये ३ मार्चला. मग २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे २०२७ मध्ये ती एकदम २२ मार्चला जाते. ३ मार्चच्या पौर्णिमेला पाणी पुरेसं तापलेलं नसेल तर अंडी कच्ची असतात. अशा वेळी काही वसाहती (एकमेकांना चिकटून वाढलेले प्रवाळजीवांचे समूह) त्या पौर्णिमेला अंडी सोडतात आणि उरलेल्या पुढच्या पौर्णिमेची वाट पाहतात. ग्रेट बॅरियर रीफवर हे वारंवार दिसतं. एकाच हंगामाचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात गर्दी कमी असते. पौर्णिमा महिन्याच्या सुरुवातीला पडणाऱ्या वर्षी निराश होऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत. जागा चुकलेली नव्हती, रात्रही चुकलेली नव्हती. त्या वर्षी पौर्णिमा लवकर आली होती, एवढंच.

या दृष्टीने २०२७ तुमच्यासाठी चांगलं वर्ष आहे. फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला, पाणी चांगलं चढत असताना. पुढची पौर्णिमा २०-२१ एप्रिलच्या रात्री.

आता रात्रीकडे येऊ. पौर्णिमेनंतर काही रात्रींनीच का? पूर्वी याचं उत्तर 'चांदणं' एवढंच दिलं जायचं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अ‍ॅक्रोपोरा जातीत निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी क्रिप्टोक्रोम जनुकं सापडली. त्यांतलं एक पौर्णिमेच्या रात्री अमावास्येपेक्षा जास्त सक्रिय असल्याचं दिसलं. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी हा जीव चांदणं ओळखतो, हे त्यातून कळलं. पण पौर्णिमेनंतर चार-पाच रात्री थांबायचं कारण त्यातून मिळत नव्हतं. ते बऱ्याच अंशी तैवानमधल्या कामातून मिळालं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत डिप्सास्ट्रिया नावाच्या प्रवाळावर काम केलं होतं. संशोधकांनी सूर्यास्तानंतरचं चांदणं अडवून कृत्रिम अंधार दिला, तेव्हा प्रवाळांनी अंडी सोडण्याची रात्र त्या अंधाराप्रमाणे ठरवली. म्हणजे चांदणं त्यांना थांबवून ठेवतं, आणि सूर्य मावळल्यापासून चंद्र उगवेपर्यंतचा काळोख त्यांना मोकळं करतो.

हा काळोख तुमच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेला असतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि त्याच सुमारास चंद्र उगवतो, मध्ये अंधार नसतो. दुसऱ्या दिवसापासून चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो. पहिल्या रात्री अंधाराची फट पाऊण-एक तासाची, दुसऱ्या रात्री पावणेदोन तासांच्या आसपास, आणि वद्य चतुर्थीला ती अडीच-तीन तासांची झालेली असते. संकष्टीचा उपास सोडायला ज्या चंद्रोदयाची वाट पाहतो तो साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो, तो याच हिशेबाने. प्रवाळांना अंडी सोडून ती पृष्ठभागावर पोचू द्यायला पुरेसा काळोख साधारण याच रात्रींपासून मिळतो. तैवानमध्ये दक्षिणेकडचे लोक चांद्र कालगणनेतल्या तिसऱ्या महिन्याची तेविसावी तिथी, म्हणजे समुद्रदेवी माझूचा जन्मदिवस, प्रवाळांच्या अंड्यांच्या आसपासची म्हणून ओळखतात. त्या पाण्यात ती ठीक आहे. आपल्याकडे मी फाल्गुन वद्य चतुर्थी ते सप्तमी अशी खिडकी धरते. नाशिककराला हे लक्षात ठेवायला सोपं आहे. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात ती रंगपंचमी याच खिडकीत येते. तेव्हा २०२७ साठी २४ ते २९ मार्च या रात्री पाण्याजवळ असा. एखादी रात्र अलीकडे-पलीकडे होणारच, म्हणून दोन रात्रींसाठी जाऊ नका, पाच-सहा रात्री हाताशी ठेवा.

इथेही अपवाद आहेत. सगळ्या जाती एकाच रात्री अंडी सोडत नाहीत, आणि काही ठिकाणी काही जाती अमावास्येच्या सुमारास सोडतात. मेक्सिकोच्या आखातातल्या फ्लॉवर गार्डन बँक्सवर ऑगस्टच्या पौर्णिमेनंतर सातव्या ते दहाव्या रात्रीपर्यंत वाट पाहावी लागते, तर कॅरिबियनमधलं हरणाच्या शिंगासारखं दिसणारं अ‍ॅक्रोपोरा त्याच हंगामात पण आधी, साधारण तिसऱ्या ते सहाव्या रात्री मोकळं होतं. शिवाय पोसिलोपोरासारखी काही प्रवाळं पिल्लं पोटातच वाढवतात आणि चंद्राच्या चालीप्रमाणे दर महिन्याला थोडी थोडी सोडतात. त्यांच्याकडे पाहून 'हंगाम नव्हता तरी दिसलं' असं म्हणणारे लोक भेटतात. ते खरंच बोलत असतात, फक्त ती वेगळी घटना असते.

तासाचं उत्तर सर्वांत सोपं आहे. घड्याळ बाजूला ठेवा, सूर्यास्तापासून मोजा. कॅरिबियनमध्ये ऑर्बिसेला प्रवाळाच्या जवळच्या जाती शेजारी शेजारी वाढतात. त्यातली एक सूर्यास्तानंतर साधारण दोन तासांनी मोकळी होते आणि बाकीच्या तिच्यानंतर दीड-दोन तासांनी. या अंतरामुळे त्यांची सरमिसळ कमी होते. तोच प्रवाळ लवकर अंधारात ठेवला तर लवकर अंडी सोडतो, हेही प्रयोगातून दिसलं आहे. आपल्याकडे अ‍ॅक्रोपोरासाठी सूर्यास्तानंतर दोन ते चार तास धरा. लक्षद्वीप आणि नाशिक जवळपास एकाच रेखांशावर आहेत. मार्चच्या शेवटी दोन्हीकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, म्हणजे तुमची वेळ साडेआठ ते अकरा. अंदमानला गेलात तर मात्र सावध राहा. घड्याळ तेच भारतीय वेळेचं, पण सूर्य नाशिकपेक्षा सव्वा तास आधी, साडेपाचच्या सुमारास मावळतो. तिथे साडेनऊला पाण्यात उतरलात तर सगळं आटोपलेलं असू शकतं. चंद्रोदयही तिथे तितकाच आधी होतो, त्यामुळे नाशिकच्या दिनदर्शिकेतली वेळ तिथे वापरू नका. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांमधलं अंतर मात्र जवळजवळ तेवढंच राहतं.

इतकं सगळं जुळूनही एखाद्या वर्षी काहीच घडत नाही. याची कारणं त्या रात्रीत शोधून सापडत नाहीत, ती आदल्या वर्षात असतात. अ‍ॅक्रोपोराची अंडी तयार व्हायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. मार्चमध्ये दिसणारी अंडी पावसाळा संपल्यापासून आत वाढत असतात. आदल्या उन्हाळ्यात पाणी जास्त तापून प्रवाळं पांढरी पडली असतील, म्हणजे आतली शैवालं निघून गेली असतील, तर जगलेली वसाहतसुद्धा आधी स्वतःला सावरते. अंड्यांसाठी तिच्याकडे काही उरत नाही. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे मोठे फटके बसले. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ आणि २०१७ लागोपाठ गेले, त्यानंतर २०१८ मध्ये तिथे नव्याने रुजलेल्या प्रवाळपिल्लांची संख्या आधीच्या सरासरीपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी भरली. मला यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका गोष्टीची. पाणी तापण्याचा जो वेग प्रवाळाला अंडी सोडायला लावतो, तोच वेग काही आठवड्यांत त्याला मारूही शकतो. एप्रिल-मे हा आपल्याकडे हंगामाचा शेवट असतो आणि पांढरं पडण्याची सुरुवातही.

दुसरी काळजी एकोपा मोडण्याची. तांबड्या समुद्रात इस्राएलमधल्या एलातच्या बाजूला संशोधकांनी सलग काही वर्षं रोज रात्री पाण्यात उतरून नोंदी ठेवल्या. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की काही जाती आता एकत्र अंडी सोडत नाहीत, त्यांच्या रात्री विखुरल्या आहेत. यात नुकसान काय? एका वसाहतीची अंडी सहसा दुसऱ्या वसाहतीच्या शुक्राणूंनीच फळतात. समुद्र मोठा असतो आणि शुक्राणू काही तासांत विरून जातात. पन्नास वसाहतींनी एका रात्री सोडलं तर भेट होते, पन्नास रात्रींत विखुरलं तर होत नाही. प्रवाळ जिवंत दिसतो, रंगीत दिसतो, पण पुढची पिढी येत नाही. किनाऱ्यावरचे दिवेही यात भर घालतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रात्रीचा कृत्रिम उजेड पोचतो तिथली प्रवाळं अंधारातल्या प्रवाळांपेक्षा एक ते तीन दिवस आधी, पौर्णिमेच्या अधिक जवळ, मोकळी होताना दिसली. चंद्रोदयाआधीचा काळोख त्यांना नीट कळत नाही. म्हणून तुम्ही जिथे राहाल तिथे झगमगीत रिसॉर्टसमोरच्या खडकापेक्षा अंधाऱ्या बाजूचा खडक निवडा, आणि दिव्यांच्या बाजूलाच जावं लागलं तर एक-दोन रात्री आधीपासून पाहायला लागा.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हे घडवता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. घडतं, पण त्याला काय काय लागतं ते पाहा. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रापासून दूर, बंद टाक्यांमध्ये अ‍ॅक्रोपोराच्या जातींकडून अंडी मिळवली. त्यांचा २०१७ चा निबंध वाचला की वर सांगितलेलं सगळं पुन्हा समोर येतं. वर्षभर पाण्याचं तापमान मूळ समुद्राप्रमाणे चढवायचं-उतरवायचं, दिवसाची लांबी आणि उन्हाचा जोर बदलायचा, चंद्राच्या कला आणि चंद्रोदयाची वेळ दिव्यांनी पाळायची, आणि अंडी पिकतील इतका खुराक द्यायचा. यातलं एक जरी सुटलं तरी बहुधा काही मिळत नाही. फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये २०१९ साली अटलांटिकमधल्या दुर्मिळ खांबासारख्या प्रवाळाने अंडी सोडली, तीही याच पद्धतीने. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्या समुद्रातली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा उचलणं हा वाघाच्या शिकारीच्याच गटातला गुन्हा आहे. मेलेला पांढरा तुकडा वाळूवर पडलेला असला तरी तो पिशवीत घालू नका.

आता लक्षद्वीपला पोचल्यावर काय पाहायचं ते. आम्ही परवानगी घेऊन अ‍ॅक्रोपोराची फांदी टोकापासून थोडी खाली मोडून पाहतो, कारण अगदी टोकाला अंडी नसतात. आत पांढरे दाणे दिसले तर अजून महिना-दोन महिने, गुलाबी किंवा लालसर दिसले तर येणारी पौर्णिमा. हे तुम्ही करायचं नाही, पण डाइव्ह सेंटरवाल्यांना विचारता येतं. तिथे वर्षानुवर्षं पाण्यात असलेली मुलं आहेत. 'होळीनंतर सकाळी पाण्यावर गुलाबी तवंग कधी पाहिलास का, कुठल्या बाजूला, कुठल्या साली?' असा थेट प्रश्न विचारा. या एका प्रश्नातून मला अनेकदा छापील अहवालांपेक्षा जास्त मिळालं आहे. तवंगाच्या उत्तरावर मात्र एक खात्री करून घ्या. फेब्रुवारी ते मे या काळात अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाच्या जिवाणूंचे थर तरंगतात. ते लाकडाच्या भुशासारखे दिसतात आणि कुजताना गुलाबीसर होतात. पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. प्रवाळाची अंडी गोल, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, एकसारखी दिसतात. भुसा बारीक काड्यांसारखा दिसतो. दोन्हींत गल्लत फार होते.

ज्या संध्याकाळी घडणार असतं, त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका छोट्या जिवाच्या, तोंडाशी गुलाबी ठिपका फुगून येतो. मोकळं होण्याआधी अर्धा तास ते दीड-दोन तास तो तसाच थांबतो. ठिपके दिसले तर तो खडक सोडू नका, दुसरीकडे काय चाललंय ते पाहायला जाऊ नका. प्रत्येक ठिपका म्हणजे अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेली गोळी असते. अंड्यांत चरबी भरपूर असते म्हणून ती वर तरंगत जाते आणि पृष्ठभागावर फुटते. त्या आधी बरेचदा खडकाच्या फटींतले किडे आणि नाजूक हातांचे तारामासे बाहेर निघून फांद्यांवर चढतात. ही खूण मी नेहमी पाहते. मासेही जागे राहतात. वारा पडलेला असावा, कारण जोराच्या वाऱ्यात आणि लाटांत तरंगणारी अंडी पांगतात. मार्चच्या शेवटी तिथला समुद्र सहसा शांत असतो.

तुमचा कोर्स पहिल्या पायरीचा आहे, म्हणून रात्रीच्या डाइव्हसाठी प्रशिक्षक बरोबर लागेलच. आधी दोन-तीन रात्री त्याच खडकावर उतरून सवय करून घ्या, नाहीतर त्या रात्री तुमचं सगळं लक्ष हवेच्या काट्यावर राहील. तेवढा आत्मविश्वास आला नाही तर उथळ लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत पाण्यात, स्नॉर्कल लावून पाहणं जास्त चांगलं, गोळ्या वर तुमच्याकडेच येतात. टॉर्चवर लाल कागद लावा आणि संध्याकाळपासून एका खडकावर सतत उजेड मारू नका. पायातले पोहण्याचे पंख (फिन) खडकाला लागू देऊ नका, त्या रात्री तर मुळीच नाही. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना वेळखाऊ असतो, म्हणून रजेच्या अर्जाआधी त्याच्या मागे लागा. मालवण जवळचं वाटत असेल, पण तिथे अ‍ॅक्रोपोरा तुरळक आणि पाणी गढूळ. या कामासाठी मी मालवण सुचवणार नाही.

आणि काही दिसलं तर लिहून ठेवा: तारीख, सूर्यास्त, पहिली गोळी कधी सुटली, किती वसाहतींनी सोडली, खोली, पाण्याचं तापमान (डाइव्ह कॉम्प्युटर दाखवतो तेवढं पुरे) आणि वसाहतीचा जवळून काढलेला फोटो. काही दिसलं नाही तरी त्या रात्रींची नोंद करा, 'या रात्री काही नव्हतं' हीसुद्धा माहिती आहे. त्या नोंदींची एक प्रत डाइव्ह सेंटरमध्ये ठेवून या, म्हणजे पुढच्या होळीनंतर येणाऱ्याला ऑस्ट्रेलियाच्या महिन्यावरून हिशेब करावा लागणार नाही.